गाळलेला कॉमा

"झालां काय गो, विनू? पणजीची बस सुटतली!" सगुणकाका ओसरीवरून ओरडले.

विनोदिनी शेवटच्या ओळीवर अडली होती. वडिलांच्या निधनाची बातमी पणजीच्या इंग्रजी पेपरात द्यायची होती. कोकणी की मराठी यावरून कोरगावात अजून भांडणं होत होती. मेलेल्या माणसाचा मान मात्र इंग्रजीतच राखायचा, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

"घरीच वारले म्हणून लिही हां," काका पुन्हा म्हणाले.

वडील, म्हणजे शाळेतले कृष्णनाथ सर, घरी वारले नव्हते. ते लाटंबार्स्याला, सत्यवतीच्या घरी वारले. शनिवारी शाळा सुटली की ते तिकडे जात. सत्यवतीला त्यांच्यापासून झालेली एक मुलगी होती. गावाला सगळं ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. काल त्यांचा देह जीपमधून आला तेव्हा विनोदिनीची आई, आनंदी, दारात उभी होती. जीपवाल्यानं तिकडे धाय मोकलून रडणारी बाई पाहिली होती. त्यानं आनंदीला विचारलं, "हे तुमचे कोण?"

तो प्रश्न विनोदिनीच्या डोक्यातून जात नव्हता. डिचोलीत ठरलेलं तिचं लग्नही त्या दुसऱ्या घरामुळेच मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी वडील नेहमीसारखे शाळेत इंग्रजी शिकवायला गेले.

तिलाही इंग्रजी त्यांनीच शिकवलं. कॉमाच्या बाबतीत ते फार कडक. 'माय ब्रदर' लिहून पुढे भावाचं नाव घालायचं असेल, तर आधी विचार करा, असं ते वर्गाला सांगत. भाऊ एकुलता एक असेल तर नावाआधी कॉमा. आणखी भाऊ असतील तर कॉमा नाही. चुकलं की बोटांवर पट्टी. ती पट्टी खाऊन पेडणे तालुक्यातली कितीतरी मुलं पणजीच्या कचेऱ्यांत, बँकांत लागली होती. उद्या ती सगळी हा पेपर उघडणार होती.

'हिज वाइफ', तिनं लिहिलं. कॉमा दिला, मग आईचं नाव. लग्नाची बायको एकच. आईच्या मानाला धक्का लागू द्यायचा नव्हता. मग 'हिज डॉटर'. इथे कॉमा दिला असता तर सर एकाच मुलीचे बाप ठरले असते. तिनं तो दिला नाही. थेट आपलं नाव लिहिलं.

'वाचू दे तुमच्याच पोरांना,' ती मनात म्हणाली. 'जन्मभर लपवलंत ना?'

बातमी तशीच छापून आली. जुने विद्यार्थी समाचाराला येऊ लागले. विनोदिनी एकेकाच्या तोंडाकडे बघत बसे. बँकेतला एक साहेब हळूच म्हणाला, "तुमच्या नावाआधीचा कॉमा राहिला, ताई. सरांना खपलं नसतं. हे पेपरवाले!"

"पेपरवाल्यांनी नाही, मीच गाळला."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग तिचं म्हणणं त्याच्या ध्यानात आलं. मान खाली घालून तो उठून गेला. बऱ्याच दिवसांनी विनोदिनी पोटभर जेवली.

बाराव्याच्या आदल्या दुपारी अंगणात एक तरुण मुलगी येऊन उभी राहिली. कपाळ थेट सरांचं. हातात पेपर. विनोदिनीनं ओळखलं. भांडायला आली असणार. येऊ दे. बोलायचे शब्द तिनं कधीचे जमवून ठेवले होते. ती पायरीवर वाट अडवून उभी राहिली.

"मी साक्षी. लाटंबार्स्याची."

"काय काम आहे?"

"ह्यो कॉमा घालूक तुम्ही विसरल्यात? की जाणूनबुजून घालूक नाय?"

"जाणूनबुजून."

"माका पण त्यांनीच शिकयलां," साक्षी म्हणाली. "पण त्यांच्या नावाबरोबर माझा नाव खंयच घालूक दिला नाय. शाळेत पण आजोबाचाच नाव लायलां."

तिनं पेपर उलगडला. 'डॉटर' आणि 'विनोदिनी' या दोन शब्दांमधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"ह्या जाग्यार मी आसंय, बाय."