कोपऱ्यातलं आठवं

पांढऱ्या उंदरिणीची शेपटी चिकटपट्टीने तारेला बांधलेली होती आणि तार पिंजऱ्याच्या छतातल्या फिरत्या कडीला. मागचे पाय अधांतरी, पुढचे दोन जमिनीवर. अवकाशात वजन नाहीसं झालं की बाळंतिणीच्या अंगाचं काय होतं, ते इथल्या इथे पाहायची ही युक्ती. सात पिल्लं तिच्या छातीखाली लुचत होती. आठवं कोपऱ्यात होतं.

तिने त्याच्याकडे अंग ताणलं. तार ताठ झाली. पंजा दोन बोटं अलीकडे थांबला.

"सकाळी आल्यापासून बघतोय, हेच चाललंय," प्राण्यांची देखभाल करणारे काका म्हणाले. "कडी फिरते गोल, पिंजरा चौकोनी. मॅडम, कोपरे काय रामभरोसे सोडलेत?"

पिंजरा आखणारी इंजिनियर ओशाळली. चौकोनी पिंजरे फडताळात नीट बसतात, म्हणून चौकोन. टांगलेल्या उंदराला कोपऱ्याशी काय देणंघेणं, असं तिला वाटलं होतं. पिल्लं घरंगळतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरी पाच महिन्यांची मुलगी असून आलं नव्हतं.

काकांचा फोन आल्याबरोबर तिने प्लॅस्टिकचे चार तुकडे वळवून आणले होते. ते कोपऱ्यांत बसवले की पिल्लू आपोआप आत सरकलं असतं. दोन मिनिटांचं काम. पण प्रयोग चालवणाऱ्या सरांना विचारल्याशिवाय पिंजऱ्यात हात घालायचा नाही, असा नियम होता.

"घाला की. मी तिकडे तोंड करून उभा राहतो."

"सहा पिंजरे आहेत, काका. एकाला हात लावला तर सगळा प्रयोग पाण्यात. आणि मला रजेवरून येऊन तीनच आठवडे झालेत..."

"गार पडत चाललंय ते," काका म्हणाले.

सर आले. तिने एका दमात चूक कबूल केली, तुकडे पुढे केले. सरांची नजर शेजारच्या पडद्यावर खिळली होती. तारेवरचा ताण तिथे रेघेने उमटत होता.

"हे बघ. स्वतःच्या वजनाइतकं ओढतेय. दर चार मिनिटांनी! हाडं ठिसूळ झालीत, पायातलं बळ गेलंय, तरी. अगं, आई किती ओढते हे आजवर कुणी मोजलंय का?"

"सर, ते पिल्लू... माझी चूक..."

"कसली चूक? घबाड आहे हे! बाळंतपणाची रजा संपवून आलीस काय, आणि आल्या आल्या हे हाती लागलं काय!" त्यांनी तुकडे तिच्या हातातून घेऊन काकांकडे दिले. "हे ठेवून द्या. उरलेल्या पाच पिंजऱ्यांतही एकेक पिल्लू कोपऱ्यात ठेवा. आणि काय गं, पुढच्या खेपेला कोपरा आणखी एक बोट लांब करता येईल?"

"येईल," ती म्हणाली. इतक्या चटकन, की काकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

पडद्यावरची रेघ पुन्हा चढू लागली. कोपऱ्यातलं पिल्लू हलायचं केव्हाच थांबलं होतं.