मागच्या खोलीची लाइन

इस्त्री लावली की घरभर वीज जायची. वायरमनने फ्रिज, गीझर, पंखे तपासले. कुठेच खोट नव्हती. "वहिनी, मागच्या खोलीत काय चालू आहे? तिकडची वायर भार ओढतेय. त्यात इस्त्रीची भर पडली की ट्रिप होतं." "तिथे काहीच नाही हो," ती म्हणाली. दोघं आत गेली. पलंग मोकळा होता. सॉकेटमध्येही काही खोचलेलं नव्हतं, तरी हात लावताच वायरमनला चटका बसला. त्याने वायरीला मीटर लावला. आकडा सावकाश चढायचा, क्षणभर थांबायचा, मग उतरायचा. "इथे आधी काय होतं?" त्याने दबकत विचारलं. "यांचं श्वासाचं मशीन. हे गेले, तेव्हाच परत दिलं." आकडा पुन्हा चढला. वायरमनने घाईघाईने पक्कड काढली. "लाइन तोडूनच टाकतो." तिने त्याचा हात धरला. "नको. हवं तर बाकीचं घर बंद करा."