सात नंबरचा तारा

सात नंबरच्या ताऱ्याशेजारी ठिपका होता. तनयानं चष्मा पुसला, स्क्रीन पुसली. ठिपका जागच्या जागी.

साडेचार वाजले होते. पाचला बारा ताऱ्यांची यादी अवकाश दुर्बिणीच्या लोकांकडं जायची होती, तिच्या सहीनं.

काम ऐकायला सोपं. दूरच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह त्याच्या झगमगाटात दिसत नाही. म्हणून तसाच दुसरा, अगदी एकटा तारा शोधायचा, त्याचाही फोटो घ्यायचा आणि पहिल्या फोटोतून वजा करायचा. झगमगाट जातो, ग्रह उरतो. पण या एकट्याच्या शेजारी कुणी निघालं, की सगळी वजाबाकी नासली.

"एक जरी तारा चुकला," श्यामला मॅडम सकाळीच म्हणाल्या होत्या, "तर पुढच्या महिन्यापासून आपण नुसत्या चहाला या. कामाला नको."

तनयाचं कंत्राट याच महिन्यात संपत होतं. बाकीचे अकरा तारे तिनं भराभर तपासले होते; चौथा तर डबा खाता खाताच उरकला. सगळे स्वच्छ. अडला तो सातवा. आणि सातवा मॅडमनी स्वतः निवडलेला. तरी तिनं त्याच्यापुढं 'बाद' लिहिलं.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. राजस. पन्नाशीला टेकलेला, पण खोड्या शाळकरी. गेल्याच आठवड्यात त्यानं ऑफिसच्या लिफ्टवर पाटी लावली होती: 'स्वतःचे खरे वजन आठवून चढावे.'

"घाम फुटलाय की तुला! सापडला वाटतं ठिपका?"

तनया गर्रकन वळली. "तुम्ही टाकलात?"

"मग काय आभाळातून पडला? काल तू लवकर पळालीस ना, तेव्हाच."

"राजसदादा, नोकरी गेली असती माझी!"

"म्हणून तर सांगायला आलो. फक्त तुझ्या कॉपीत टाकलाय. मूळ फोटो चकाचक आहे, बाई."

तिनं दोन शिव्या गिळल्या, 'बाद' खोडलं, 'पास' लिहिलं. पाचला तीन मिनिटं कमी असताना यादी गेली. लगेच मॅडमचा मेसेज आला: 'पुढे पाठवली. आता बदल नाही.'

तनयानं खुर्चीत अंग टाकलं. राजसनं तिच्यापुढं चहा ठेवला.

"पण मानलं हं तुला. एवढा फिका ठेवला होता. म्हटलं, चार नंबरकडं कोण निरखून बघतंय!"