अमावास्येची सुट्टी

सुलभाने सतरंजी अंथरली तोच योगवर्गाच्या अक्का आतून म्हणाल्या, "गुंडाळ ती. आज अमावास्या. आमच्या गुरुजींपासूनचा नियम आहे, अमावास्या-पौर्णिमेला शरीराला सुट्टी."

"अहो, एक दिवस खाडा झाला तर गुडघा पुन्हा आखडेल माझा!"

"काही आखडत नाही. घरी जा आणि आज नुसती बस."

अठ्ठावीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या सुलभाला नुसतं बसणं ठाऊकच नव्हतं. ती फुरंगटून घरी आली. स्वयंपाकघरात तिचे यजमान एक कप चहाचं आधण ठेवत होते. आधी तिच्या ड्युट्या, निवृत्तीनंतर हा वर्ग. सकाळचा चहा ते वर्षानुवर्षं एकटेच घेत आले होते.

"लवकर आलीस? बरं नाही का?" ते घाबरून म्हणाले.

"सुट्टी दिलीय अक्कांनी."

त्यांचा चेहरा असा खुलला की सुलभा बघतच राहिली. त्यांनी लगबगीने आणखी कपभर पाणी ओतलं, आलं किसलं. मग गॅलरीत बसून, कुंडीतल्या बुलबुलाच्या घरट्यापासून शेजारच्या कुलकर्ण्यांच्या घोरण्यापर्यंत, साठलेलं सगळं सांगत सुटले. घोरण्याची नक्कल पाहून सुलभाला हसता हसता ठसका लागला. नऊ कधी वाजले, दोघांनाही कळलं नाही.

मग त्यांनी हळूच कॅलेंडर पाहिलं. "पौर्णिमेला अजून पंधरा दिवस आहेत गं."

"पौर्णिमेचं काय घेऊन बसलात?" सुलभा म्हणाली. "उद्यापासून मी वर्गातून येईपर्यंत चहा टाकायचा नाही."