पडद्यावरची पाच पोरं

अंधार झाला तशी बिरूनं आधी पोरं मोजली. पडद्यावर पाच होती, सायकलींवर. दीडशे मेंढरं वाड्याच्या तोंडातून निघताना नुसत्या नजरेनं मोजणारा माणूस तो, त्याला पाच पोरं म्हणजे काहीच नाही. काठी मात्र थिएटरच्या दारावरच्या वॉचमननं ठेवून घेतली होती. रिकामा हात कुठं ठेवावा, हे काही त्याला उमगेना.

शेजारी त्याची लेक शालू सिनेमात पार बुडाली होती. बिरूला तिला एवढंच सांगायचं होतं, की आवर, चल. दुष्काळाचं दुसरं वर्ष. शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटांना तारांची कुंपणं पडली, चरायला जागा उरली नाही. आजच संध्याकाळी मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघायचं, ते थेट सहा महिन्यांनी परतायचं, आणि एक माणूस कमी पडतंय. पोरीला घेऊनच या, कॉलेज काय पळून जातंय का, असं त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं बजावून धाडलं होतं. परीक्षा महिन्यावर आली होती. सुटलेलं कॉलेज पुन्हा हाती लागत नसतं, एवढं बिरूलाही कळत होतं. हॉस्टेलच्या फाटकात त्यानं तोंड उघडलं, तर शालूनं घाईघाईनं दोन तिकिटं पुढं केली.

सिनेमातला काळ तीस वर्षांमागचा होता. गोल आकड्यांचा फोन, छपरावरचा अँटेना, तो फिरवायला चढलेलं पोरगं. बिरू मोठ्यानं हसला. लहानपणी सोयगावला सरपंचाच्या माळवदावर अँटेना धरून तोच उभा राहायचा आणि खाली अख्खी आळी चित्र बघायची. तेवढ्यात पडद्यावरच्या आभाळात हिरवा उजेड झाला, आणि पोरं चारच राहिली. वेणीवाली गेली. बिरूनं पुन्हा मोजली.

मध्यंतरात बोलायचं त्यानं ठरवलं होतं. शालूनं हातात समोसा दिला. तो खाऊन होईस्तोवर दिवे गेले.

मग वेणीवाली परत आली. आई तिच्या गळ्यात पडली, पोरं नाचली. बिरू पुढं सरकला.

"ही ती न्हाय," तो म्हणाला. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. शालूनं त्याचा दंड दाबला.

पण अर्ध्या तासानं उलगडा झाला. त्या पोरीचं रूप घेऊन दुसऱ्याच ताऱ्यावरचं कुणीतरी घरात राहत होतं. शालू पडदा सोडून बापाकडं बघत राहिली.

बाहेर आल्यावर, काठी परत घेताना तिनं विचारलं, "आबा, तुम्हाला कसं कळलं?"

"जित्राब सा म्हैने दुसऱ्या कळपात राहून आलं, की मान उचलायची तऱ्हा बदलती त्याची. कातडं तेच ऱ्हातं."

शालूनं मान वर केली. "मग त्याला काय करता?"

बिरूचा फोन वाजला. कस्तुराबाईचा आवाज शालूलाही ऐकू येईल एवढा मोठा होता. सगळं बांधून झालं होतं, मेंढरं रस्त्याला लागायला बघत होती, शालू भेटली का नाही?

बिरूनं हातभर अंतरावर उभ्या असलेल्या लेकीकडं पाहिलं.

"न्हाय भेटली."

"मंग दुपारधरनं तिथं काय करायलात?"

"हुडकतोय," बिरू म्हणाला.