लाल खूण

एका शहरातले दोन पेपर एकाच मालकाला घेता येत नाहीत, हा नियम सरकारने उठवला. महिन्याभरात ती काम करायची तो पेपर आणि त्याच्यावर तीस वर्षं खार खाऊन असलेला दुसरा, दोन्ही एकाच मालकाच्या घशात गेले.

तिच्या वडिलांचा रिवाज मात्र मोडला नाही. सकाळी दोन्ही पेपर शेजारी शेजारी पसरायचे आणि जी बातमी दोन्हींत सापडेल, तिच्यावरच लाल पेन्सिलीने खूण करायची. बाकी सगळ्या थापा.

"बाबा, आता दोन्हींचा मालक एकच आहे."

"असेना का! लिहिणारी माणसं तर वेगळी आहेत ना?" त्यांनी चष्मा सारखा केला आणि खूण केली. "हे बघ. 'एकाचीही नोकरी जाणार नाही.' दोन्हीकडे आलंय, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! उगाच तोंड पाडून बसू नकोस. ऑफिसला उशीर होईल."

तिने मान हलवली, चपला घातल्या आणि रोजच्या वेळेला बाहेर पडली.

***

दोन्ही पेपरांतली ती बातमी काल तिनेच लिहिली होती. ऑफिसमधलं ते तिचं शेवटचं काम होतं.