बदललेला पासवर्ड

वकीलबाईंनी पुन्हा पासवर्ड टाकला. कॉम्प्युटरने पुन्हा नकार दिला.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं एकच आणि ते वापरणारी माणसं दोनच. बाईंनी नवऱ्याला ऑफिसात फोन लावला.

"पासवर्ड तू बदललास?"

"हो."

"मला न विचारता? नवा काय आहे?"

"फोनवर नको. घरी आल्यावर बोलू. तोवर त्याला हात लावू नकोस."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

कॉम्प्युटरमध्ये एका अशील महिलेची कागदपत्रं होती. मारकुट्या नवऱ्याच्या तावडीतून ती कशीबशी निसटली होती. ती जिथे लपली होती तिथला पत्ता बाईंनी कालच टाइप केला होता. अर्ज उद्या कोर्टात द्यायचा होता. "ही केस सोड, तो माणूस फार पोचलेला आहे," असं बाईंचा नवरा हल्लीच म्हणाला होता. त्याला कोणी फितवलं तर नसेल?

दुपारी त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. कॉम्प्युटर त्यानेच बसवून दिला होता. हसतमुख, कामाला वाघ.

"साहेबांनी बदलला आणि तुम्हाला सांगितला नाही?" त्याने भुवया उंचावल्या. "नवरा-बायकोच्या मधे मी कशाला पडू, ताई? पण काम तुमचं अडलंय."

पेनड्राइव्ह लावून त्याने खटाखट काहीबाही केलं. बाई चहा घेऊन आल्या तोवर कॉम्प्युटर उघडला होता आणि तो फायली चाळत होता.

"सगळं जागच्या जागी आहे, ताई." चहाला तोंडही न लावता तो पुढच्या कामाला पळाला.

बाईंचा अर्ज छापून होतोय तोच नवरा आला, नेहमीपेक्षा लवकर.

"कोणाला सामील झालायस तू?" बाई कडाडल्या.

त्याचं लक्ष उघड्या स्क्रीनकडे गेलं.

"अगं, काल माझ्या डोळ्यांदेखत माऊसचा बाण आपोआप फिरत होता. बाहेरून कोणीतरी आत शिरत होतं. तुझ्या फोनचाही भरवसा वाटेना. जुना पासवर्ड आपल्याशिवाय एकालाच ठाऊक होता. कोणी उघडून दिला हा?"

तेवढ्यात फोन वाजला. अशील होती, आवाज निर्धास्त.

"वकीलबाई, तुम्ही पाठवलेला कॉम्प्युटरवाला पोचला बरं का. आत बसवलंय त्याला."